येणारं छप्पन्न, जाणारं बारा

रत्नाबाई साळुंके चोवीस वर्षं एका मशीन टूल फॅक्टरीत ट्रेसर होत्या. इंजिनिअर पेन्सिलीनं ड्रॉइंग काढायचे, त्यावर पारदर्शक कागद पसरून ते शाईनं हुबेहूब उतरवायचं, हे ट्रेसरचं काम. सेक्शनमध्ये अकरा बायका ओळीनं वाकून बसायच्या, पण सही न बघता ओळखू यावी अशी रेघ एकीचीच होती. साळुंकेबाईंची रेघ सुरुवातीला जेवढी जाड, तेवढीच शेवटाला. शाईचा डाग पडला तर इतर जणी ब्लेडनं खरवडत बसत. ह्या अख्खी शीट फाडून नवी घेत. साहेब म्हणायचे, चालेल हो एवढं. त्या म्हणायच्या, तुम्हाला चालेल.

हाताला असं वळण असलेल्या माणसात एक खोट हटकून असते. त्यानं मनाशी एकदा रेघ ओढली की ती पुसायला तो तयार होत नाही. रत्नाबाईंची ही खोट येलहंक्याच्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती. नवऱ्याला सगळ्यांत जास्त ठाऊक, आणि त्यांनी ती पंचवीस वर्षं हसून चालवून घेतली होती.

नवरा म्हणजे हणमंतराव. टेलिफोन खात्यात केबल जॉइंटर. रस्त्याखालच्या खड्ड्यात उतरून, तुटलेल्या केबलीतल्या शेकडो तारा एकेक ओळखून जोडायच्या, हा त्यांचा धंदा. घराण्याचं म्हणाल तर तीनशे वर्षांपूर्वी कुणा सरदाराच्या फौजेबरोबर ह्या कन्नड मुलखात आलेली ही माणसं, परत जायची विसरली ती विसरलीच. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. फौजेची म्हणावी अशी एकच वस्तू उरलेली, ती म्हणजे तुळजाभवानीवरची श्रद्धा. लग्न झालं की देवीचा गोंधळ घालायचा, हे त्यांच्यात कुणी चुकवत नाही. हणमंतरावांच्या मुलीचं, संयोगिताचं, लग्न शहाण्णव साली होऊन ती हुबळीला गेली आणि तेवढा गोंधळ मात्र आज करू उद्या करू म्हणत राहून गेला होता. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढं तिनंच घात केला.

अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत एका रविवारी सकाळी पेपर वाचता वाचता हणमंतरावांच्या हातातला पेपर गळला. अर्धांगवायू. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, त्यांना कळतं सगळं, पण बाहेर काढता येणार नाही. डाव्या हातानं लिहायला दिलं तर अक्षरांची नुसती गुंतवळ व्हायची. मान हलवण्याचाही भरवसा नव्हता. चहा हवा का विचारलं की नाही म्हणून मान हलवायचे आणि कप पुढं केला की घटाघटा प्यायचे. त्यामुळं हळूहळू घरानं त्यांना विचारणंच सोडून दिलं. आलेलं सगळं आत जात होतं आणि आतलं काही बाहेर येत नव्हतं.

त्याच वर्षी फॅक्टरीत कॉम्प्युटर आले आणि ट्रेसिंग सेक्शनच्या बायकांना स्वेच्छानिवृत्तीचे फॉर्म वाटले गेले. स्वेच्छा कुणाची ते विचारू नका. रत्नाबाईंनी फॉर्म भरला, कारण नवऱ्याला कूस बदलायलाही माणूस लागत होतं. आलेल्या पैशातून त्यांनी एक कॉम्प्युटर घेतला, मल्लेश्वरमच्या एका क्लासात तीन महिने जाऊन त्यावर ड्रॉइंग काढायला शिकल्या. क्लासातली पोरं त्यांना आंटी म्हणायची. तिसऱ्या महिन्यात तीच पोरं त्यांना विचारून रेघा ओढायला लागली.

काम मिळालं कोरमंगलातल्या एका लहान कंपनीत. परदेशातल्या कुठल्या जुन्या गिरणीची हातानं काढलेली ड्रॉइंगं कॉम्प्युटरवर उतरवायची. सोमवारी सकाळी शेजारच्या सुलभाला हणमंतरावांजवळ बसवून रत्नाबाई दोन बस बदलून जायच्या, आठवड्याचं भेंडोळं घेऊन यायच्या. मग रोज घरी काम करायचं आणि संध्याकाळी पाचच्या आत झालेलं ड्रॉइंग, सोबत मूळ कागदाचं स्कॅन, इंटरनेटवरून पाठवायचं. घर सोडायचं नाही, नवऱ्याला सोडायचं नाही आणि हातातली रेघही सोडायची नाही. देव पावला म्हणावं असं काम होतं.

फक्त ते जात नव्हतं.

काम होत होतं, जात नव्हतं. एका दिवसाच्या फायली सात-आठ एमबीच्या. टेलिफोनच्या तारेला मोडेम जोडायचा, तो नंबर फिरवायचा, मग पलीकडच्या मोडेमशी त्याची ती किंचाळी आणि खरखर व्हायची, आणि एकदाची जोडणी लागली की फाइल पाठवायला सोडायची. स्क्रीनवरची निळी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकायची. दीड तासानं साठ टक्के झाले की लाइन तुटायची. तुटली की पुन्हा शून्यापासून. डागाळलेली शीट फाडून नवी घेणाऱ्या बाईला हे नवं नव्हतं, पण ती शीट निदान आपल्या हातानं फाटायची.

त्यांनी एस.पी. रोडवरच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून नवा मोडेम आणला. जुना तेहतीसच्या वेगाचा होता, नव्याच्या खोक्यावर ठळक छप्पन्न लिहिलेलं. नाकापेक्षा मोती जड झाला, पण घेतला. घरी येऊन लावला तर जुन्यापेक्षाही हळू. पुन्हा एस.पी. रोड. दुकानदारानं मख्ख चेहऱ्यानं सांगितलं, मॅडम, छप्पन्नात दोन जाती आहेत. दोन वेगळ्या कंपन्यांच्या. एका जातीच्या मोडेमचं दुसऱ्या जातीशी जमत नाही, मग दोघं जुन्याच चालीवर बोलतात. आता दोघांना चालेल अशी तिसरी जात आलीय, तुमच्या इंटरनेटवाल्याकडं तीच आहे. हे आधी का सांगितलं नाहीत, असं रत्नाबाईंनी विचारलं. तुम्ही विचारलं नाहीत, असं तो म्हणाला. थोडे पैसे वर घालून त्यांनी तो बदलून आणला.

तिसरा मोडेम लावला आणि पानं भराभर उघडायला लागली. त्या खूष झाल्या. फाइल पाठवायला सोडली आणि निळी पट्टी तशीच मुंगीच्या पावलानं निघाली. त्यांनी जोडणी तोडून कंपनीत फोन लावला. तिथं काम घेणारी श्वेता नावाची मुलगी होती, पुण्याहून वर्षभरापूर्वी आलेली, मनानं चांगली, पण बोलणं रिक्षासारखं सुसाट.

"काकू, अ‍ॅक्च्युअली ते छप्पन्न फक्त येणाऱ्यासाठी असतं. डाउनलोड. तुम्ही पाठवता ना, ते अपलोड, ते तेहतीसच्या वर जातच नाही."

"मग खोक्यावर छप्पन्न कशाला लिहितात?"

"विकायला. पण तुमचं तेहतीसही नाहीये काकू. मी इथून लॉग बघितला. तुमचं बारानं येतंय. कधी नऊ."

"मोडेम तर तिसरा झाला."

"हो ना. बहुतेक मोडेम नाही, लाइन असेल." मग श्वेता जरा थांबली. तिचं थांबणं रत्नाबाईंना आवडलं नाही. "काकू, सर म्हणत होते, ह्या शुक्रवारी ट्रायल संपते. शुक्रवारचा पूर्ण सेट पाचच्या आत आला तर घरून रेग्युलर. नाही आला तर… म्हणजे तुमचं ड्राफ्टिंग बेस्ट आहे, सर तुम्हाला ऑफिसात टेबल द्यायला तयार आहेत. नऊ ते सहा."

नऊ ते सहा म्हणजे सातला घर सोडायचं आणि आठला परत यायचं. रत्नाबाईंनी बरं म्हणून फोन ठेवला. मागच्या खोलीतून धप्प धप्प आवाज आला. त्या तिकडं गेल्या नाहीत.

तो आवाज हे त्या घरातलं दुसरं दुखणं होतं. मोडेम आला त्या आठवड्यातच ते सुरू झालं. तेव्हा हणमंतरावांची खाट पुढच्या खोलीत, कॉम्प्युटरच्या समोरच होती. मोडेम किंचाळायला लागला की ते मान वळवायचे, डोळे बारीक करायचे आणि डाव्या हाताच्या बोटांनी खाटेच्या लोखंडी दांडीवर ठोकायचे. टक टक. थांबायचे. टक टक. मग हात उचलून मागच्या खोलीकडं करायचे. दिवसातून पन्नास वेळा.

रत्नाबाईंना वाटलं, आवाजाचा त्रास होतोय, मागच्या खोलीत न्या म्हणतायत. बिचारा माणूस जन्मभर रस्त्यावरच्या गोंगाटात राबला, आता म्हातारपणी घरातही किंचाळी. त्यांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी मोडेमचा आवाज बंद केला आणि गल्लीतल्या दोघांना बोलावून खाट मागच्या खोलीत हलवली. झालं ते आगीतून फुफाट्यात. तिथं तर हणमंतराव जास्तच ठोकायला लागले. हात आता समोरच्या भिंतीकडं जायचा. बाथरूमच्या अलीकडची ती भिंत, कायम ओल धरलेली, आणि तिच्यावर एकच वस्तू, तुळजाभवानीचा काचेचा फोटो. तोही हणमंतरावांनीच दहा वर्षांपूर्वी तिथं लावलेला.

"देवीचं काहीतरी राहिलंय, अक्का," सुलभा म्हणाली. "बघा की, थेट फोटोकडं हात करायलेत."

राहिलेलं काय याचा रत्नाबाईंना विचार करावा लागला नाही. संयोगिताचा गोंधळ. हा माणूस वाचा गेलेल्या अवस्थेत, एका हातानं, देवीचं देणं आठवून देत होता आणि आपण मोडेमच्या मागं धावत होतो. मनाशी रेघ ओढली गेली ती तिथं.

त्यांनी नवस बोलला. दर मंगळवारी फोटोखाली देवीची ओटी भरायला लागल्या, खण, नारळ, तांदूळ. उन्हाळ्यात गोंधळ घालायचा म्हणून बळेपेटेतल्या गोंधळ्याला सांगूनही आल्या. आरती सुरू झाली की हणमंतराव दांडीवर जोरजोरात ठोकायचे. सुलभा म्हणायची, देवीला पोचतंय हो. एकदा ओटी भरताना त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले आणि डोळ्यांतून पाणी आलं. रत्नाबाईंनी ते पदरानं पुसलं आणि त्यांना वाटलं, ह्यांचं मन निवलं. इकडं रोग रेड्याला आणि औषध पखालीला चाललं होतं, पण ते सांगणार कोण? सांगणारा तर सांगतच होता.

ठोकणं थांबलं नाही. उलट बोटांची सालं निघाली. रत्नाबाईंनी पहिल्यांदा मलम लावलं. मग हात धरून ठेवून बघितला. शेवटी एक जुनी गोधडी फाडून तिच्या पट्ट्या दांडीवर गुंडाळल्या, सुतळीनं पक्क्या बांधल्या. त्यांच्या हाताचं काम, सुटणार कुठलं? हणमंतराव त्या बांधत असताना बघत होते. बांधून झाल्यावर त्यांनी त्यावर ठोकून बघितलं. टक टक ऐवजी धप्प धप्प झालं. त्यांनी बायकोकडं एकदा पाहिलं आणि पुन्हा ठोकलं.

ते पाहणं रत्नाबाईंना आवडलं नव्हतं. पण फायली जायच्या होत्या.

श्वेताशी फोनवर बोलणं झालं तो मंगळवार. बुधवारी त्यांनी टेलिफोनची तक्रार नोंदवली. लाइनमन आला, रिसीव्हर कानाला लावला, आवाज येतोय म्हणाला. बोलायला येतोय, फाइल जात नाही, असं त्यांनी सांगितलं. आमच्या कागदावर फाइल नाही, असं म्हणून तो सही घेऊन गेला. आता एकच माणूस उरला होता, आणि त्याला फोन करायचा म्हणजे रत्नाबाईंना जिवावर आलं होतं.

गुंडो. हणमंतरावांचा एकोणीस वर्षांचा जोडीदार. केबल जोडायला दोन माणसं लागतात, एक ह्या खड्ड्यात, दुसरा फर्लांगभर पुढच्या खड्ड्यात. एकीकडं हणमंतराव, दुसरीकडं गुंडो. कुठला सण एकमेकांशिवाय झाला नव्हता. आणि हा माणूस हणमंतराव पडल्यावर एकदा आला, दहा मिनिटं बसला, हुंदका आवरेना म्हणून उठून गेला तो वर्षभर फिरकला नव्हता. रत्नाबाईंनी त्याच्या नावावर काट मारून ठेवली होती. पण गुरुवार उजाडत होता आणि सातला घर सोडायचं चित्र डोळ्यांपुढून हलत नव्हतं. त्यांनी फोन केला. बोलल्या कामापुरतंच.

गुरुवारी अकराला गुंडो दारात उभा राहिला. निवृत्त झाला होता, तरी खांद्याला जुनी चामड्याची पिशवी तीच. चपला काढून आत आला आणि मागच्या खोलीकडं न बघता थेट कॉम्प्युटरसमोर बसला.

"आवाज चालू करा अक्का. त्या डबीचा."

"ह्यांना त्रास होतोय त्याचा."

"स्वल्प वेळ. मला ऐकू दे."

रत्नाबाईंनी पाच महिन्यांनी मोडेमचा आवाज चालू केला. नंबर फिरला, किंचाळी उठली, खरखर सुरू झाली. गुंडोनं डोळे मिटले होते. मग त्यानं फोन उचलून शांत लाइन ऐकली, पुन्हा ठेवला.

"डबीचा दोष नव्हे. लाइनीत ओल आहे कुठंतरी. आणि ती बाहेर नाही, जवळ आहे. ह्या घरात दुसरी तार ओढलीय का कुठं?"

"नाही. ही एकच."

"सरी, ठीक. मग खांबापासून बघत येतो."

तो उठला, आणि तेवढ्यात मागून आवाज आला. धप्प धप्प. थांबून, धप्प धप्प. मोडेमची किंचाळी आज इतक्या दिवसांनी हणमंतरावांच्या कानावर गेली होती.

गुंडो उभा होता तिथंच थांबला.

"कोण ठोकायलंय?"

"हेच. दिवसभर चालतंय. हाताला सवय लागलीय."

"कधीपासनं?"

"मोडेम आणला तेव्हापासनं. देवीचा गोंधळ राहिलाय, तो आठवण करून देतायत. आम्ही नवस बोललोय."

गुंडो मागच्या खोलीत गेला. खाटेशी वाकला, दांडीवरच्या गोधडीच्या पट्ट्यांकडं त्यानं बघितलं, पिशवीतून कटर काढून सुतळी कापली आणि पट्ट्या ओढून टाकल्या. मग त्यानं पिशवीतला स्क्रूड्रायव्हर घेतला आणि त्याच्या दांड्यानं लोखंडावर दोन ठोके दिले. टक टक.

हणमंतरावांचा हात थांबला.

पाच महिन्यांत तो हात जागेपणी पहिल्यांदा थांबला होता. हणमंतराव गुंडोकडं बघत होते, आणि त्यांच्या तोंडातून एक आवाज आला, शब्द नव्हे, नुसता आवाज. गुंडोनं त्यांचं डोकं छातीशी धरलं आणि दोघं म्हातारे रडले. रत्नाबाई दारात उभ्या होत्या. आपल्या घरात काय चाललंय हे त्यांना कळत नव्हतं.

जरा वेळानं हणमंतरावांनी हात सोडवून घेतला आणि देवीच्या फोटोकडं केला. गुंडोनं वळून बघितलं. फोटोकडं बघितलं, भिंतीवरच्या ओलीकडं बघितलं आणि त्याच्या ओल्या चेहऱ्यावर हसू आलं. त्यानं हात जोडून नमस्कार केला, आई माफ कर म्हणाला आणि फोटो खिळ्यावरून उतरवला.

मागं टेलिफोनची एक चौकोनी डबी होती. वरचं प्लॅस्टिक पिवळं पडलेलं, स्क्रू हिरवेगार, आणि भिंतीची ओल थेट तिच्यातून पाझरत होती. वरून चुन्याच्या थराखाली एक तार निघून छताकडून पुढच्या खोलीत गेली होती.

तेव्हा रत्नाबाईंना आठवलं. संयोगिता लहान असताना रात्री-अपरात्री केबल तुटली की खात्याचा फोन यायचा आणि पोर दचकून उठायची. म्हणून हणमंतराव ड्यूटीच्या आठवड्यात ह्या खोलीत झोपायचे आणि इथं एक जादा फोन ठेवलेला असायचा. बिनपरवानगीचा, स्वतःच जोडलेला. पुढं कुणी इन्स्पेक्टर तपासणीला येणार असं कळलं, तर त्यांनी फोन तेवढा काढून नेला. डबीवर देवी लावली. देवीचा फोटो उचलून मागं बघणारा इन्स्पेक्टर अजून जन्माला यायचाय, असं म्हणून हसलेही असतील. रत्नाबाईंना तारेचं कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलं नव्हतं. फोन गेला म्हणजे सगळं गेलं, असं त्या समजून चालल्या होत्या.

गुंडोनं पुढच्या खोलीत स्टुलावर चढून ती तार जिथं जोडली होती तिथं कापली. पाच मिनिटांचं काम. मग म्हणाला, लावा आता. रत्नाबाईंनी लावलं. निळी पट्टी निघाली आणि त्या बघत राहिल्या. बादलीचा तळ फुटावा तशी फाइल भराभर जायला लागली. ती गेल्यावर त्यांनी श्वेताला फोन लावून विचारलं. ती म्हणाली, "काकू, एकतीसनं आलंय. काय केलंत?"

एक तार कापली, एवढंच सांगून रत्नाबाईंनी फोन ठेवला.

गुंडो जायला निघाला तेव्हा त्यांनी त्याला चहा दिला. कपाकडं बघतच विचारलं, "ते ठोकणं काय होतं, गुंडोअण्णा?"

"आमच्या धंद्यातलं. म्हणजे आमच्या दोघांचंच." तो बशीत चहा ओतत म्हणाला. "केबलीत तारा शंभर-दोनशे. रंग उडालेले. ह्या टोकाला हा गडी एक तार धरणार आणि तिच्यावर बॅटरीच्या टोकानं दोन ठोके देणार. त्या टोकाला मी एकेका तारेला रिसीव्हर जोडून कान देत यायचो. ज्या तारेवर ठोके ऐकू आले, तीच ती. मग मी दोन ठोके परत द्यायचे. म्हणजे, सापडली, ऐकू आलं. तोवर ठोकणाऱ्यानं थांबायचं नाही. तो थांबला तर समोरच्याला सापडणार कसं?"

"आणि उत्तर आलंच नाही तर?"

"असं कधी झालं नाही, अक्का. समोर मी असायचो."

हे बोलून गुंडोनं बशी खाली ठेवली. मग उठला, आता दर गुरुवारी येतो म्हणाला आणि चपला घालून गेला.

शुक्रवारी पूर्ण सेट पावणेचारला गेला. सव्वाचारला श्वेताचा फोन आला, सर खूष आहेत, सोमवारपासून घरून रेग्युलर, काकू यू आर ग्रेट. रत्नाबाई हो हो म्हणाल्या. जे हवं होतं ते मिळालं होतं. घर सुटणार नव्हतं, माणूस सुटणार नव्हतं, रेघ सुटणार नव्हती. त्यांनी फोन ठेवला आणि मागून काही आवाज येतोय का म्हणून कान दिला.

येत नव्हता. कालपासून आला नव्हता. पाच महिने ज्या आवाजानं डोकं उठत होतं, तो थांबल्यावर घर खायला उठलं.

त्या मागच्या खोलीत गेल्या. कोपऱ्यात गोधडीच्या पट्ट्या पडल्या होत्या. भिंतीवर फोटोच्या जागी चुन्याचा पांढरा चौकोन आणि मधोमध ती पिवळी डबी उरली होती. देवी आता पुढच्या खोलीत, कोरड्या भिंतीवर गेली होती. हणमंतराव जागे होते. डावा हात दांडीवर होता, बोटांवर खपल्या धरल्या होत्या.

रत्नाबाई खाटेच्या कडेला बसल्या. त्यांना बरंच काही म्हणायचं होतं. पंचवीस वर्षांच्या संसारात त्यांनी कुणाची माफी मागितली नव्हती, कारण त्यांची रेघ कधी चुकलीच नव्हती. शब्द आत तयार होते, एकही बाहेर येईना. शेवटी त्यांनी हात उचलला आणि बोटाच्या पेरानं दांडीवर दोन ठोके दिले.

हणमंतरावांनी त्यांच्याकडं पाहिलं. गोधडी बांधताना पाहिलं होतं तसंच. हात हलला नाही. मग त्यांनी मान भिंतीकडं वळवली आणि त्या पांढऱ्या चौकोनाकडं बघत पडून राहिले.

रत्नाबाईंनी पुन्हा दोन ठोके दिले. लोखंड गार होतं आणि कडक, पेराला लागत होतं. बाहेर गल्लीत सुलभा कुणाला तरी हाक मारत होती. दिवा लावायची वेळ झाली, स्वयंपाक व्हायचा होता, तरी त्या उठल्या नाहीत. ठोकणाऱ्यानं थांबायचं नसतं, हे त्यांना आता माहीत होतं. त्यांनी पुन्हा दोन ठोके दिले.